विहारात खुर्ची असावी काय?



वरील प्रश्न वाचून काही जण म्हणतील, हा काय लेखाचा विषय झाला? धम्मात विचार करण्यासारखे मोठे प्रश्न का कमी आहेत? परंतु आपल्याकडून माणुसकीच्या चुका होतात त्या बहुधा अशा लहान प्रश्नांतच होतात. अशी एक चूक माझ्या हातून झाली. ती सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

मागच्या वर्षावासात देवळा तालुक्यातील आमच्या भागातल्या एका विहारात दर रविवारी सायंकाळी परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचनाचे काम माझ्याकडे होते. वंदना, वाचन, चर्चा असे मिळून दीड-दोन तास सहज जात. सर्वजण सतरंजीवर बसत. एका रविवारी शेजारच्या वस्तीवरील एक वृद्ध उपासिका आल्या. त्यांच्या मागून नातवाने डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची आणली होती. आजींचे दोन्ही गुडघे धरले होते. खाली बसले तर दोघांनी हात दिल्यावाचून त्यांना उठता येत नसे.

मी शाळेत शिकवतो, कवायतही घेतो. शिस्त लावण्याची मला सवय. मी भर सभेत म्हणालो, "आजी, तथागतांच्या मूर्तीसमोर खुर्ची शोभत नाही. येथे सगळे समान आहेत, सगळ्यांनी खालीच बसावे. मांडी घालायचा थोडा थोडा सराव करा, जमेल." आजी काही बोलल्या नाहीत. नातवाने खुर्ची बाहेर नेली. त्या दाराच्या चौकटीला धरून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्यांच्या वयाच्या आणखी एक बाई आल्या नाहीत. आणि माझी आईसुद्धा आली नाही.

मी आईला कारण विचारले. ती म्हणाली, "कंबर धरलीय." मी म्हणालो, "कालपर्यंत तर येत होतीस." त्यावर ती म्हणाली, "अरे, कंबर काय आज धरली का माझी? तुझ्या फीचे पैसे भरत होते तेव्हाही धरायचीच. तेव्हा तुला दिसली नाही, अन् आता दिसली तर सराव कर म्हणतोस."

वाचकहो, आमच्या घराण्यात विद्यापीठाची पदवी घेणारा मी पहिला. परंतु त्या दिवशी मला कळून चुकले की, पदवीने मला बाबासाहेबांचा ग्रंथ वाचता येऊ लागला, एवढेच. ज्यांच्यासमोर तो वाचायचा ती माणसे मला वाचता येत नव्हती.

म्हणून हा प्रश्न आज आपण नीट तपासू या.

प्रथम विरुद्ध बाजू ऐकली पाहिजे. जे खुर्चीला विरोध करतात त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, बुद्धाच्या विहारात उच्च आसन आणि नीच आसन हा भेद नको. आपले वाडवडील चावडीसमोर धुळीत बसले आणि खुर्चीवर दुसरे बसले. ती उतरंड आपण विहारात कशाला आणायची? ही भावना खरी आहे. परंतु तिची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. अनेक गावांत दारावरून वरच्या जातीचा माणूस जाऊ लागला की आपल्या म्हाताऱ्या माणसालाही बाजेवरून उठावे लागे. आपल्या लोकांनी मान वर करून चालू नये, कंबरेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे, अशी रीत होती. म्हणजे आपल्याला खाली बसायला लावणारा आणि आपल्याला वाकायला लावणारा माणूस एकच होता. आता आपणच आपल्या वृद्ध आईला म्हणू लागलो, "खाली बस, वाक, नाही तर बाहेर उभी राहा," तर बदलले काय? हुकूम तोच, फक्त तोंड बदलले.

समता म्हणजे सगळ्यांची आसने एका उंचीची असणे नव्हे. समता म्हणजे सगळ्यांना धम्म ऐकता येणे. वीस वर्षांच्या मुलाला सतरंजी जे देते, तेच सत्तर वर्षांच्या आजीला खुर्ची देते: स्वस्थ बसून ऐकण्याची सोय. एकाला ती द्यायची आणि दुसरीला नाकारायची, ही समता कशी?

आता शरीराकडे वळू. वय वाढले की शरीर ताठ का होते, हे समजून घेतल्यावाचून आपला राग किंवा आपली दया, दोन्ही आंधळी राहतील.

तान्हे मूल पायाचा अंगठा सहज तोंडात घालते. जन्मतः त्याच्या शरीरात हाडांचे सुमारे तीनशे भाग असतात. ते पुढे जुळत जाऊन मोठ्या माणसात २०६ हाडे होतात. लहानपणी हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चा पुष्कळ असते, त्यामुळे शरीर लवते. वय वाढते तशी स्नायूंना हाडाशी बांधणारी कंडरा आणि सांध्यांना धरून ठेवणारे बंध यांतील तंतू एकमेकांत अधिकाधिक गुंतत जातात आणि पूर्वीसारखे ताणले जात नाहीत. मधुमेह असला तर रक्तातील साखरेमुळे ही गुंतागुंत लवकर वाढते. खांदा आखडण्याची तक्रार मधुमेही माणसांत म्हणूनच अधिक दिसते. मणक्यांच्या मधल्या चकत्यांतील पाणी कमी होते, सांध्यातील कूर्चा झिजते. तिशी-चाळिशीपासून स्नायूही हळूहळू घटू लागतात. स्त्रियांची पाळी थांबल्यानंतर हाडे अधिक वेगाने विरळ होतात. पाठीला बाक येण्याचे ते एक कारण आहे. मी स्वतः अजून चाळिशीच्या आत आहे. तरी कवायतीत मुलांचे हात पावलांना टेकतात तेव्हा माझे हात नडगीपाशीच थांबतात. वीस-पंचवीस वर्षांनी ते गुडघ्यापाशी थांबतील.

यात शरम वाटण्यासारखे काय आहे? भगवान बुद्धांनी पहिल्या आर्यसत्यात जरेचे नाव घेतले आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे आपण रोज म्हणतो. ही अनित्यता पाहायला दूर कोठे जायला नको. आईच्या गुडघ्यात ती दिसते. सिद्धार्थाने रथातून जाताना प्रथमच म्हातारा माणूस पाहिला आणि म्हणून गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांनी मानली नाही, हे आपणांस ठाऊक आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे, असा त्यांचा प्रश्न होता. म्हातारपण ही रोजची, घरातली गोष्ट आहे. पण मी तर सिद्धार्थाच्या त्या कथेपेक्षाही पुढे गेलो. माझ्या घरात म्हातारपण बसलेले होते आणि मला ते पस्तिशीपर्यंत दिसले नाही.

काही जण येथे म्हणतील, "गुरुजी, पूर्वीची माणसे काम करीत, म्हणून काटक होती. आताचीच खुर्चीला चिकटली." यात अर्धे सत्य आहे. जन्मभर उकिडवे बसण्याची सवय असलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा कचेरीत बसणाऱ्यापेक्षा मोकळा राहू शकतो. जो सांधा हलत राहतो तो उशिरा आखडतो, हे खरेच आहे. परंतु कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायामात आपण शरीराला सगळ्या बाजूंनी हलवतो, दमलो की थांबतो, मग पोटभर खातो. मजुरीत दिवसभर एकच बाक, थांबले की ओरडा, आणि घरी गेल्यावर आधी इतरांचे ताट.

आपल्या भागातील कांद्याचेच पाहा. उन्हाळ कांद्याची लावणी डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत. वाफ्यात पाणी सोडलेले, पाय चिखलात, आणि बायकांची रांग कंबरेत वाकून एकेक रोप दाबत मागे सरकते. मग निंदणी. मग मार्च-एप्रिलच्या उन्हात काढणी, पात कापणे, पाट्या उचलणे, चाळीत भरणे. उमराण्याच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलवर ठरतो. तो चढला-उतरला की तालुकाभर चर्चा होते. तो कांदा जमिनीत लावताना आणि जमिनीतून काढताना जी कंबर वाकली, तिची चर्चा मी कधी ऐकली नाही. माझ्या आईने वयाच्या अकराव्या वर्षापासून दुसऱ्याच्या वावरात हे काम केले. तिची कंबर नुसत्या वयाने गेलेली नाही. काही वयाने गेली, काही मजुरीने गेली, आणि काही माझ्या पदवीसाठी गेली. अशा कंबरेला मी विहारात "सराव कर" म्हणालो.

आणखी एक गोष्ट नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना मुद्दाम सांगितली पाहिजे. आपल्या घरांतून अजून ऐकू येते, "गेल्या जन्मीचे भोग आहेत, भोगायलाच पाहिजेत." कोणी भगताकडून अंगारा आणतो, कोणी म्हणतो देवीचे काही राहून गेले. धम्म घेतला, भिंतीवरची तसबीर बदलली, पण गुडघा दुखला की जुना देव आठवतो! सीवक नावाच्या परिव्राजकाने हाच प्रश्न भगवान बुद्धांना विचारला होता. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मानेच होते, असे काही लोक म्हणतात. आपले मत काय? तथागतांनी त्याला आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूंतील बदल, शरीराची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात, आणि कर्मविपाक. सगळे दुःख पूर्वकर्माचेच, असे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाच्या माहितीच्या पलीकडे जातात, असे त्यांनी बजावले. बाबासाहेब याच्याही पुढे गेले. माणसाचे आजचे दैन्य मागच्या जन्मावर ढकलणारा कर्मवाद हा बुद्धाचा नव्हेच, असे त्यांनी ठामपणे मांडले. का मांडले? कारण दुःखाचे खापर मागच्या जन्मावर फोडले की या जन्मातील अन्याय करणारा सुटतो. आईची कंबर मागच्या जन्मीच्या पापाने गेली म्हटले की, दिवसभर तिला वाकवणारा मालक सुटतो, आणि तिला दवाखान्यात न नेणारा मुलगाही सुटतो.

आता स्वतः तथागतांचे वार्धक्य पाहा. श्रावस्तीला, विशाखेने बांधलेल्या पूर्वारामातील प्रासादात, भगवान सायंकाळच्या उन्हात पाठ शेकत बसले होते. आनंद त्यांचे हातपाय चोळीत होता. चोळता चोळता तो म्हणाला की, भगवंतांची कांती पूर्वीसारखी राहिली नाही, अवयव सैल पडले, कातडीला सुरकुत्या आल्या आणि शरीर पुढे वाकले. तथागत रागावले नाहीत, त्यांनी ते लपवलेही नाही. तारुण्यातच जरा आहे, आरोग्यातच व्याधी आहे, असेच आहे आनंदा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले तेव्हा भगवान तेथे बराच वेळ उपदेश करीत होते. मग त्यांनी आनंदाला पुढचे सांगावयास लावले. माझी पाठ दुखते आहे, मी ती जरा टेकतो, असे सांगून ते त्याच सभेत चीवराची घडी घालून उजव्या कुशीवर पहुडले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षावासात, वैशालीजवळच्या बेलुव गावी, ऐंशी वर्षांच्या आपल्या देहाला त्यांनी दोऱ्यावादीने बांधून कसाबसा चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा दिली.

ज्या शास्त्याने भर सभेत पाठ टेकली, त्याच्या विहारात आजीला पाठ टेकायला जागा नसावी काय?

आपल्या मुक्तिदात्याचेही स्मरण करू या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब आले तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना ग्रासले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हाताला आपल्या माणसाचा आधार, असे ते उभे होते. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले आणि तथागतांच्या मूर्तीला हात जोडून वंदन केले. मग त्यांनी धम्मदीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या सर्वांना उभे राहावयास सांगितले, आणि तो जनसागर उठून उभा राहिला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दिवशी त्यांचे गुडघे जमिनीला किती टेकले, हे कोणी मोजले काय? ज्या माणसाला स्वतःला काठीचा आधार घ्यावा लागत होता, त्याने लाखो लोकांना ताठ उभे केले. आपल्या धम्माचा आरंभच असा आहे.

आणि परंपरा म्हणाल तर तीही आपल्या जिल्ह्यातच आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचा जो मोठा विहार आहे, त्याच्या आतल्या दालनात तीन बाजूंनी दगडातच कोरलेला ओटा आहे. तो विहार भिक्खुसंघाला दान देणारी गौतमी बलश्री ही सातवाहन राजाची आई आणि पुढच्या राजाची आजी होती. शिलालेखात तिने आपली ओळख तशीच करून दिली आहे. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका आजीने दिलेल्या विहारात बसायला ओटा आहे, आणि आम्ही आमच्या आजीची प्लास्टिकची खुर्ची बाहेर काढली! पुढच्या वेळी मुलाबाळांना घेऊन त्रिरश्मीला जाल तेव्हा त्या ओट्यावर हात ठेवून पाहा. आणि घरातील वृद्धांना पायऱ्या चढवत नसतील तर त्यांना पायथ्याशी एकटे सोडून जाऊ नका. कोणीतरी त्यांच्याजवळ थांबा.

मग करावे काय? नुसती हळहळ हा धम्म नव्हे.

वृद्ध माता-पित्यांना माझी विनंती अशी. मांडी घालता येत नाही म्हणून विहार सोडू नका. पंचांग प्रणाम जमत नसेल तर हात जोडा. हात उचलत नसतील तर नुसते बसून ऐका. वंदनेचे पुण्य अंगाच्या घडीत नसते. परंतु शरीर ताठ झाले म्हणून ते टाकूनही देऊ नका. अमेरिकेतील बोस्टन शहरात नव्वदीच्या घरातील काही अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांतली ताकद दुपटीहून अधिक झाली, असा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. रोज सकाळी खाटेवर बसून पाय सरळ करणे, घोटे फिरवणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, खांदे मोकळे करणे, एवढे तरी करावे. दुखणे वाढले, सांधा सुजला, तर अंगारा नको, डॉक्टर हवा.

तरुणांनो, तुमचे अंग आज लवते, हा तुमचा पराक्रम नव्हे, तुमचे वय आहे. पौर्णिमेच्या कार्यक्रमाची वर्गणी काढता तेव्हा झेंडे आणि लाउडस्पीकर यांच्याआधी बसण्याच्या बाकांचा आणि पायरीजवळच्या कठड्याचा विचार करा. रुग्णाची सेवा करणारा माझीच सेवा करतो, अशा अर्थाचे तथागतांचे वचन विनयपिटकात आहे. अतिसाराने पडून असलेल्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले होते.

आणि आपल्यापैकी ज्यांची स्थिती आता थोडी सुधारली आहे, ज्यांच्याकडे नोकरी आहे, दोन-चार बिघे जमीन आहे, लावणीला मजूर बाया लागतात, त्यांच्यासाठी एक शब्द. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाचे पहिले कर्तव्य सांगितले आहे ते असे, की कामकऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. मग अन्न आणि वेतन, आजारात शुश्रूषा, वेळोवेळी सुटी. तुमच्या वावरात वाकलेली बाई कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे पाहू नका. तिचे वय पाहा. तासाभराने तिला पाठ सरळ करू द्या. काल आपली आई त्या रांगेत होती.

शेवटी मनाविषयी. शरीर ताठ होणे आपल्या हाती पूर्णपणे नाही. मनाचे तसे नाही. म्हातारपणी अंग वाकत नसतानाही नातीला पुढे शिकू द्या म्हणणारी, कोनाड्यातला जुना देव स्वतःच्या हाताने उतरवून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. आणि पस्तिशीतच ताठ झालेला एक शिक्षकही मला चांगला माहीत आहे. त्याला नियम ठाऊक होता आणि नियम कोणासाठी आहे ते ठाऊक नव्हते. आपले नेहमीचे मत बाजूला ठेवून समोरच्या माणसाकडे पाहणे, हा सराव खरा. तो कोणत्याही वयात करता येतो, आणि करीत राहिलो नाही तर तो सांधाही आखडतो.

आमच्या विहारात आता मागच्या भिंतीला लागून विटांचा एक ओटा बांधला आहे. वर शहाबादी फरशी, भिंतीला धरायला लोखंडी नळी. ज्यांना खाली बसवत नाही ते तेथे बसतात. कोणी खुर्ची आणली तर तीही ठेवली जाते. माझी आई येऊ लागली. तिच्या बरोबरीच्या दुसऱ्या बाईही आल्या. ज्यांची खुर्ची मी बाहेर काढली, त्या आजी मात्र ओटा होण्याआधीच मुलाकडे मुंबईला राहायला गेल्या. त्यांची क्षमा मागायची राहिली आहे. हा लेख त्यांच्या नातवाच्या हाती पडला तर त्याने तो त्यांना वाचून दाखवावा. आणि वाचकहो, तुमच्या विहाराच्या दाराशी चौकट धरून कोणी उभे असेल, तर पुढच्या रविवारची वाट न पाहता त्यांना आजच आत बोलवा.

जय भीम.